दुसरी बायको, परका पुरुष

मॉर्मन पंथाच्या ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनन्ट्स’ या धर्मग्रंथाचे १३२ वे प्रकरण १२ जुलै १८४३ या तारखेचे आहे. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी ते ईश्वराची आज्ञा म्हणून सांगितले आणि लेखनिकाने उतरवून घेतले. बहुपत्नीत्व आणि व्यभिचार यांची सांगड त्यात अशी घातली आहे. पंथाने अधिकार दिलेल्या पुरुषाने एका कुमारिकेशी लग्न केले, मग त्याला दुसरी करावीशी वाटली आणि पहिलीने होकार दिला, तर त्याच्या हातून व्यभिचार घडत नाही. अशा दहा जणी त्याला दिल्या तरी घडत नाही, कारण त्या त्याच्याच. मात्र त्या दहांपैकी एखादी लग्नानंतर परपुरुषाकडे गेली, तर तिने व्यभिचार केला आणि तिचा नाश व्हावा. पहिलीने होकार दिलाच नाही तर काय, याचीही तजवीज आहे. नवऱ्याने हा नियम समजावून सांगितल्यावरही ती मानत नसेल, तर तिला विचारण्याचे बंधन त्याच्यावर उरत नाही, आणि अपराधी व नाशाला पात्र ती ठरते. स्मिथ यांची पत्नी एमा हिला याच प्रकरणात नाव घेऊन ताकीद दिलेली आहे.

बहुपत्नीत्वाची किंवा व्यभिचाराची शिकवण कोणत्याही धर्माची असो, ती तपासायला मला एक प्रश्न पुरेसा वाटतो. बाई ‘नाही’ म्हणाली, तर त्या ‘नाही’चे पुढे काय होते? १३२ व्या प्रकरणात त्या नकाराने काहीही अडत नाही. तिची संमती आधी मागायची आणि ती मिळाली नाही तर तिच्यावाचून पुढे जायचे, अशी ती मांडणी आहे. हा विषय पुढे जिथे जिथे नेईल तिथे वाचकांनी हाच प्रश्न हाती ठेवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

कोकणातल्या हर्ण्यासारख्या बंदरगावातून हा विषय मांडण्याला कारण आहे. एकाच वेळी किती बायका, कोणाचा व्यभिचार गुन्हा आणि कोणाचा नाही, या वादात गेल्या दोनशे वर्षांत ज्यांनी मोलाचा शब्द टाकला, त्यांतली कितीतरी माणसे आमच्या आसपासची आहेत. हर्ण्याहून दक्षिणेला चार-पाच किलोमीटरांवर मुरुड, कर्वे पितापुत्रांचे. आत दापोली, जिथे पांडुरंग वामन काणे शाळा शिकले. मंडणगड तालुक्यातले आंबडवे बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. चिपळूणजवळचे मिरजोळी हमीद दलवाई यांचे. आणि खुद्द हर्ण्याला एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्कॉटिश मिशनचे ठाणे होते. इतक्या लहान टापूत हा प्रश्न इतक्या बाजूंनी लढला गेला, याचे भान आमच्या गावांतही फारसे उरलेले नाही.

पण आधी मॉर्मनांचे पुरते सांगायला हवे, कारण ते महाराष्ट्रात येऊन गेले आहेत. पंथाची स्थापना ६ एप्रिल १८३० ला न्यूयॉर्क राज्यात झाली. त्याच वर्षी छापलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये अनेक बायका करण्याचा कडक निषेध आहे. प्रजा वाढवण्यासाठी देवाने स्वतः तशी आज्ञा केली तरच गोष्ट वेगळी, एवढी फट तेवढी तिथे ठेवलेली दिसते. १८३१ च्या एका आदेशात पुरुषाला सांगितले आहे की आपल्या बायकोवर सगळ्या मनाने प्रेम कर, दुसरीकडे जाऊ नकोस. व्यभिचार करून पस्तावणार नाही त्याला मंडळीतून काढावे. हे शिकवत असतानाच स्मिथ स्वतः गुपचूप लग्ने करत होते. पंथाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखांत मान्य केले की त्यांच्या बायकांत काही जणी आधीच दुसऱ्याशी विवाहित होत्या आणि एक मुलगी पंधरा वर्षांचीही नव्हती. जून १८४४ मध्ये ‘नॉवू एक्स्पॉझिटर’ या पत्राने हे गुपित फोडले. स्मिथ त्या नॉवू गावाचे नगराध्यक्ष होते. त्यांच्या नगरपालिकेने तो छापखाना मोडून टाकला, त्यावरून स्मिथ तुरुंगात गेले आणि तिथे चालून आलेल्या जमावाने २७ जूनला त्यांना गोळ्या घालून मारले. ब्रिगहॅम यंग उरलेल्यांना घेऊन १८४७ मध्ये युटाच्या ओसाड प्रदेशात गेले. तिथे पाच वर्षांनी, २९ ऑगस्ट १८५२ ला, ऑर्सन प्रॅट यांनी भर सभेत बहुपत्नीत्व हा पंथाचा सिद्धान्त असल्याचे जाहीर केले.

त्याच्या आदल्या दिवशी त्याच परिषदेत जगभर पाठवायचे प्रचारक नेमले गेले होते, आणि त्यांत नऊ जण हिंदुस्थानासाठी होते. एप्रिल १८५३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले. मुंबई इलाख्यात त्यांच्याही आधी ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक येऊन पोचला होता, १८५१ च्या सप्टेंबरात. पुढच्या वर्षी तो पुण्याला गेला. छावणीत उपदेश करायला लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला मनाई केली, इंग्रजी वर्तमानपत्रे आणि पाद्री त्याच्यामागे लागले. तो मराठी शिकला आणि मराठी लोकांना उद्देशून त्याने एक पुस्तिकाही काढली. त्याला मिळालेले अनुयायी मूठभर, तेही बहुतेक गोरे सैनिक आणि युरेशियन. युटाहून बहुपत्नीत्वाची बातमी येऊन थडकल्यावर इंग्रज वस्तीत उरलीसुरली दारेही मिटली. १८५५ च्या सुमारास तो परत गेला आणि इथले काम विझले.

फिंडलेला विरोध करणाऱ्या इंग्रजांना बहुपत्नीत्व किळसवाणे वाटले. पुण्यातल्या हिंदू-मुसलमानांना त्यात नवीन काहीच नव्हते. आपल्याकडे ती रीत शास्त्रातही होती आणि वाड्यांतही.

शास्त्रात ती काय स्वरूपात होती, ते आमच्याच भागातल्या माणसाने जगाला दाखवून दिले. महामहोपाध्याय काणे यांचा ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड १९३० मध्ये आला आणि शेवटचा १९६२ मध्ये. विवाहावरचे विवेचन दुसऱ्या खंडात आहे. पहिली बायको असताना दुसरी करणे याला शास्त्रकार अधिवेदन म्हणतात. आपस्तंब बजावतात की पहिल्या बायकोपासून धर्म आणि संतती दोन्ही मिळत असतील तर दुसरी करू नये. याज्ञवल्क्य एक पाऊल पुढे जातात: आज्ञाधारक, कामसू, मुलगे देणारी बायको टाकणाऱ्याला तिला संपत्तीचा तिसरा हिस्सा द्यायला लावावे. हे वाचून बरे वाटते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात मात्र हिशेब मांडला आहे: वांझ असेल तर आठव्या वर्षी, मुले जगत नसतील तर दहाव्या, मुलीच होत असतील तर अकराव्या, आणि तोंडाने कडू असेल तर लगेच दुसरी करावी. त्याच्या पुढेच म्हटले आहे की अशी सवत आलेली बायको रागाने घर सोडून निघाली, तर तिला कोंडून ठेवावे किंवा कुळाच्या समक्ष टाकून द्यावे. १३२ व्या प्रकरणातल्या पहिल्या बायकोच्या नकाराचे जे झाले, तेच इथे दीड-दोन हजार वर्षे आधी झालेले आहे. तोंडाने कडू कोणाला म्हणायचे, हे ठरवणार नवराच.

व्यभिचाराबद्दल मात्र शास्त्रकारांत एकवाक्यता नाही. स्त्रीसंग्रहण हा अठरा व्यवहारपदांतला एक विषय. त्याच्या शिक्षा वर्णावर अवलंबून आणि काही भयंकर. उलट याज्ञवल्क्य सांगतात की व्यभिचार घडलेली स्त्री ऋतुस्नानाने शुद्ध होते, गर्भ राहिला असेल तर गोष्ट वेगळी. धर्मशास्त्र म्हणजे एकच कठोर आवाज, असे समजणाऱ्यांनी काण्यांचे खंड उघडून पाहावेत. धर्मशास्त्र म्हणजे निव्वळ उदारता, असे सांगत फिरणाऱ्यांनीही पाहावेत.

वाड्यांतल्या रीतीचे परिणाम पाहायचे तर हर्ण्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले तरी पुरे; आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग किल्ला समोर दिसतो. आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ ला गेले. त्यांना एकाहून अधिक बायका आणि वेगवेगळ्या आयांच्या पोटचे मुलगे होते. थोरले सेखोजी गेल्यावर भावाभावांत तंटा पेटला. संभाजी इकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग धरून बसले, मानाजी तिकडे कुलाब्याला. पेशव्यांनी आणि इंग्रजांनी या फुटीचा पुरता फायदा घेतला. संभाजींच्या मागून तुळाजी आले आणि १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. आंग्र्यांचे आरमार केवळ सवतींच्या मुलांमुळे बुडाले असे म्हणणे खोटे ठरेल. पेशव्यांचे राजकारण त्यात मोठे होते. पण एका घरात अनेक आया आणि वारसाचा स्पष्ट नियम नाही, तेव्हा काय होते, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मग मिशनरी आले. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ मध्ये बाणकोटला काम सुरू केले आणि लवकरच हर्ण्यालाही ठाणे घातले. १८२९ मध्ये मुंबईत उतरलेले जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मराठी शिकायला याच ठाण्यांवर येऊन राहिले होते. मुंबईचे विल्सन कॉलेज पुढे त्यांच्याच नावाचे झाले. या मंडळींना आणि हिंदुस्थानभरच्या मिशनांना एक पेच सतत पडे: दोन बायका असलेला माणूस ख्रिस्ती व्हायला आला तर काय करायचे? दुसरीला सोडायला लावले तर ती जाणार कुठे? १८३४ मध्ये कलकत्त्याच्या मिशनऱ्यांनी ठरवले की बाप्तिस्म्याआधी केलेल्या बायका त्याने ठेवाव्या, मात्र चर्चमध्ये त्याला कुठलेही पद मिळणार नाही. अँग्लिकन बिशपांच्या १८८८ च्या लँबेथ परिषदेने उलट निर्णय दिला: अशा पुरुषाला बाप्तिस्मा नाही, त्याच्या बायकांना मात्र काही परिस्थितीत देता येईल. ती कडक भूमिका शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, शिथिल झाली. दुसरीकडे सरकारने १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला. ख्रिस्ती झालेल्याबरोबर नांदायला जोडीदार नकार देत असेल, तर धर्मांतरिताला लग्न मोडून मिळू लागले. मला यांत १८३४ चा निर्णय माणुसकीचा वाटतो. एकपत्नीत्वाचे तत्त्व कितीही चांगले असो, ते लागू करताना त्याचा भार दुसऱ्या बायकोच्या पाठीवर टाकायचा नाही, एवढे भान त्यात होते. पुढे कायदे करणाऱ्यांना ते फार उशिरा सुचले.

आता कायदा. मेकॉलेने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला तेव्हा त्यात व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. कारण त्याने टिपणात दिले आहे, आणि ते आजही वाचण्यासारखे आहे. या देशात मुलीचे लग्न ती लहान असतानाच होते, तरुणपणीच सवत आणून तिला बाजूला सारतात, नवऱ्याला हव्या तितक्या बायका करायची मुभा आहे. ती मुभा तशीच ठेवून बायकोच्या चुकीला शिक्षा करणारा कायदा करायला आमचे मन घेत नाही, असा त्याचा आशय. मेकॉलेबद्दल आपल्याकडे भल्याबुऱ्या फार गोष्टी बोलतात. हे टिपण मात्र त्याच्या नावावर जमा धरले पाहिजे. नंतरच्या आयुक्तांनी ते बाजूला ठेवले आणि १८६० च्या दंडसंहितेत ४९७ वे कलम आले. नवऱ्याच्या संमतीवाचून त्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. बायकोला शिक्षा नाही. वरवर पाहता ही बाईची बाजू वाटते. पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही, तक्रार करायची ती नवऱ्यानेच, आणि नवरा स्वतः अविवाहित बाईकडे किंवा विधवेकडे गेला तर बायकोला तक्रारीला जागाच नाही. या कलमात बाईचा होकारही मोजला नाही आणि नकारही नाही.

दुसऱ्या लग्नाचे ४९४ वे कलम त्याच संहितेत होते, सात वर्षांच्या कैदेचे. हिंदू आणि मुसलमान पुरुषाला ते लागत नसे, कारण त्याचे दुसरे लग्न त्याच्या धर्माप्रमाणे वैध होते. त्याच्या बायकोला मात्र लागे.

याच काळात अमेरिकेत मॉर्मनांवर कायद्याचा फास आवळत चालला होता. १८६२, १८८२ आणि १८८७ असे तीन कायदे झाले. १८७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेनॉल्ड्स खटल्यात सांगितले की श्रद्धा बाळगायला प्रत्येक जण मोकळा आहे, त्या श्रद्धेच्या नावाखाली कृत्य करायला मात्र नाही. निकालात बहुपत्नीत्व हे आशिया-आफ्रिकेतल्या लोकांचे लक्षण म्हटले आहे आणि उदाहरण म्हणून नवऱ्याच्या चितेवर जळणारी बायकोही आणली आहे. तत्त्व मला पटते. त्याला दिलेली वांशिक फोडणी पटत नाही. स्वतःच्या घरातला प्रश्न दुसऱ्या खंडावर ढकलून न्याय होत नसतो.

मॉर्मन स्त्रिया या काळात काय म्हणत होत्या? जानेवारी १८७० मध्ये सॉल्ट लेक सिटीत हजारो जणी जमल्या आणि त्यांनी बहुपत्नीत्वाच्या बाजूने ठराव केले. पुढच्याच महिन्यात युटात स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या कितीतरी आधी. तो हक्क १८८७ च्या बहुपत्नीत्वविरोधी कायद्यानेच काढून घेतला. युटात बाईला घटस्फोटही त्या मानाने सहज मिळे. म्हणजे बहुपत्नीत्वाला हो म्हणणाऱ्या या बायकांना एका अर्थी आपल्या ब्राह्मणीला नसलेला दरवाजा उघडा होता. त्यांचे म्हणणे फसवणूक म्हणून सोडून देणे मला योग्य वाटत नाही. पण ज्या १३२ व्या प्रकरणात नकाराचे फळ नाश असे लिहिले आहे, त्याच्या सावलीत दिलेला होकार किती मोकळा, ही शंकाही सोडता येत नाही. शेवटी १८९० मध्ये पंथाध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी नवी बहुपत्नी-लग्ने थांबवल्याचे जाहीर केले, १९०४ मध्ये ते पुन्हा कडक केले, आणि आज मूळ पंथ बहुपत्नीत्व करणाऱ्याला मंडळीतून काढतो. आधीच झालेल्या बायकांचे काय, याचे उत्तर मात्र घराघरात वेगळे निघाले: कोणी सांभाळल्या, कोणी टाकल्या. फुटून निघालेले काही गट आजही ती जुनी रीत चालवतात.

आपल्याकडे याच सुमारास, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली आणि पुरुषाने दहा केल्या तरी तो अब्रूदार कसा, हा सवाल मराठीत थेट घातला. शेजारच्या गोव्यात १८८० च्या पोर्तुगीज फर्मानाने हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची परवानगी ठरवून दिली होती: बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही, आणि तिची संमती आहे. संमतीची अट पुन्हा तीच. मुलगा न झालेली बाई नाही म्हणून सासरी कोणाच्या बळावर राहणार होती?

मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि गावाने त्यांना वाळीत टाकले. बायको वारल्यावर वर्षाच्या आत दुसरी करणाऱ्या बिजवराला गाव पंगतीत बसवत होते; एक विधवा पुन्हा लग्न करते म्हटल्यावर मात्र गावाचा धर्म बुडाला. पण या प्रस्तावनेसाठी अधिक महत्त्वाचे त्यांचे पुत्र रघुनाथ. १४ जानेवारी १८८२ चा त्यांचा जन्म मुरुडचाच. विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या विषयावर ते उघड बोलतात हे कॉलेजच्या मिशनरी चालकांना सोसले नाही आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. तोटा सोसून, जवळजवळ एकट्याने, पत्नी मालतीबाईंच्या साथीने.

र. धों. कर्व्यांवरचा पहिला खटला १९३१ चा, आणि तो व्यभिचाराच्या प्रश्नावर लिहिल्याबद्दलच होता. शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला झाला, तेव्हा वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. तरी दोनशे रुपये दंड झालाच. कर्व्यांचे म्हणणे साधे होते आणि म्हणूनच झोंबणारे होते. लैंगिक संबंध स्वतः पाप नाही. पाप कशात आहे? दुसऱ्याला रोग देण्यात, नको असलेले मूल लादण्यात, जबरदस्तीत, फसवणुकीत. आणि जी मोकळीक पुरुष घेतो ती बाईला नाकारायला कुठलाही तर्क पुरत नाही. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही. विश्वासाने बांधलेल्या नात्यात विश्वास मोडला की होणारी जखम त्यांनी फार हलकी मानली, असे मला वाटते. पण व्यभिचाराच्या चर्चेत बाई ही नवऱ्याची वस्तू आहे हे गृहीत त्यांनी जितक्या स्वच्छपणे काढून टाकले, तितके मराठीत त्याआधी कोणी टाकले नव्हते. ज्या किनाऱ्यावर विल्सन मराठी शिकले तिथलाच एक मुलगा विल्सनांच्या कॉलेजातून बाहेर पडतो आणि याच मराठीत असे लिहितो, ही या भागाच्या इतिहासातली मोठी घटना आहे.

त्यानंतरचे कायद्याचे टप्पे वाचकांना बरेचसे ठाऊक असतील. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या लग्नांना बंदी केली. हा कायदा फक्त हिंदूंनाच का, असा आक्षेप नरसू अप्पा माळी खटल्यात आला. १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. त्याच वर्षी सप्टेंबरात, हिंदू कोड बिल रखडवल्यामुळे, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बिलातले एकपत्नीत्व १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात उतरले. अकरा वर्षांनी, १८ एप्रिल १९६६ ला, हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी होती. सातच जणी होत्या. पण त्या स्वतः रस्त्यावर येऊन ‘नाही’ म्हणाल्या, आणि त्यासाठी त्यांना घरच्यांचे आणि मोहल्ल्याचे बोल झेलावे लागले असणार. दलवाईंच्या कामाचे मोल मी त्या मोर्चावरून करतो. २२ मार्च १९७० ला स्थापन झालेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ त्याच पायावर उभे राहिले.

बहुपत्नीत्व हे एकाच समाजाचे, असा समज आमच्याकडेही पक्का आहे. १९६१ च्या जनगणनेवर आधारलेल्या पाहणीत हिंदूंमध्ये त्याचे प्रमाण ५.८ टक्के आणि मुसलमानांत ५.७ टक्के निघाले होते. आदिवासींत १५ टक्क्यांवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला दुसरी बायको असल्याचे सांगणाऱ्या हिंदू स्त्रिया १.३ टक्के आणि मुस्लिम स्त्रिया १.९ टक्के आहेत. दोन्ही समाजांत प्रमाण घटत गेले आहे, आणि हिंदूंत ते कायद्याने बंद होऊनही शून्यावर आलेले नाही. मुंबईला नोकरीला राहिलेल्या चाकरमान्याचा तिकडे दुसरा संसार आणि इकडे गावी म्हाताऱ्या सासूसह शेत बघणारी पहिली, ही कोकणातल्या घरांना अनोळखी गोष्ट नाही.

कायदा असून हे चालते कसे? १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या लोखंडे खटल्यात दिलेल्या निकालात त्याचे उत्तर आहे. पहिली बायको असताना गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न झाले होते. न्यायालय म्हणाले, होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध नाही, तेव्हा दुसरे लग्न कायद्याने लग्नच नाही, आणि लग्न नाही तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. आरोपी सुटला. म्हणजे दुसरे लग्न जितके चोरून आणि अर्धवट, तितका नवरा सुरक्षित. पहिलीला न्याय नाही आणि दुसरीला बायकोपण नाही. दुसरीच्या मुलांना कायद्याने औरस मानले आहे, तेवढा आधार. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात पहिले लग्न लपवून फसवलेल्या दुसऱ्या बायकोला पोटगीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. कलकत्त्याच्या मिशनऱ्यांना १८३४ मध्ये जे दिसले होते, ते आमच्या न्यायालयांना असे तुकड्यातुकड्याने दिसत गेले.

४९७ वे कलम १९५४ मध्ये ‘युसुफ अब्दुल अझीज विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात टिकले आणि १९८५ मध्येही टिकले. २७ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते रद्द केले, बाई नवऱ्याच्या मालकीची नाही हे स्पष्ट सांगून. व्यभिचार आता घटस्फोटाचे कारण आहे, गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आलेला नाही. द्विभार्येचा गुन्हा मात्र तिच्या ८२ व्या कलमात आहे. मेकॉलेच्या टिपणापासून २०१८ च्या निकालापर्यंत १८१ वर्षे लागली, आणि ‘समाजस्वास्थ्य’च्या दंडापासून ८७.

या विषयाकडे वळणाऱ्या वाचकांनी युटाच्या धर्मग्रंथाला हसून आपला धर्म स्वच्छ समजू नये, तसेच आपल्या स्मृतींची लाज वाटून इतरांचे झाकूही नये. आणि हर्णे-दापोलीच्या वाचकांना एक सांगणे आहे. नवऱ्याने दुसरे लग्न केल्याचा खटला पहिली बायको किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकांनी चालवायचा असतो, आणि त्यात पहिले लग्न आधी सिद्ध करावे लागते. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते. मुलीच्या लग्नाला मांडव, बँड आणि जेवणावळीवर खर्च करता, तेव्हा ती नोंदही त्याच महिन्यात करून घ्या, दाखल्याची एक प्रत मुलीच्या हाती द्या, आणि ती माहेरी परत आली तर तिला दारात उभे करू नका.